मागील दारापासून घराची आखणी

भंडारा जिल्ह्यात आषाढाच्या सरी स्थिरावल्या आणि बांध्यांमध्ये रोवणीची घाई सुरू झाली, की प्रत्येक शेतकरी घराच्या दाराशी दिवसातून निदान दोन वेळा चिखल येऊन उभा राहतो. वैनगंगेच्या खोऱ्यातील या प्रदेशात वर्षाकाठी सुमारे 1300 मिलिमीटर पाऊस पडतो, त्याचा बहुतांश भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच कोसळतो, आणि धान हे मुख्य पीक असल्यामुळे नेमक्या त्याच काळात माणसांना पोटऱ्या बुडतील एवढ्या गाळात दिवसभर उभे राहावे लागते. अशा प्रदेशात घर बांधताना चिखल कोठे थांबवावा आणि कपडे कोठे धुवावेत व वाळवावेत, हे प्रश्न अग्रक्रमाने विचारात यावयास हवेत. परंतु अलीकडे बांधल्या गेलेल्या स्लॅबच्या घरांचे नकाशे पाहिले असता, बैठकीची खोली, देवघर, शयनगृहे आणि जिना यांची तजवीज सविस्तर झाल्यावर जो कोपरा शिल्लक राहतो तोच धुण्याच्या वाट्याला आलेला दिसतो. हा क्रम उलटा करावा, म्हणजे घराची आखणी मागील दारापासून सुरू करावी, एवढेच या लेखाचे प्रतिपादन आहे.

जुन्या घरांची रचना या बाबतीत अधिक विचारपूर्वक झालेली होती. मातीच्या जाड भिंती, वर कवेलूंचे उतरते छप्पर, पुढे आंगण, आंगणाला लागून सपरी, मग आतली घरे आणि पाठीमागे सांदवाडी, अशा क्रमाने विस्तारलेल्या त्या घरात शेतावरून आलेला मनुष्य एकदम आत येतच नसे. आंगणाच्या कोपऱ्यातील दगडावर पाय धुऊन, सपरीतल्या खुंटीला घोंगडी अडकवून आणि अंग कोरडे करून मगच तो उंबरठा ओलांडी. धुण्याचे मोठे काम तर घराबाहेरच, तलावाच्या पाळीवर होई. गोंड राजवटीच्या काळापासून कोहळी समाजाने बांधलेले, पुढे मालगुजारांच्या मालकीचे झालेले आणि 1950 च्या कायद्याने मालगुजारी संपुष्टात आल्यावर ‘माजी मालगुजारी’ अथवा ‘मामा’ या नावाने ओळखले जाऊ लागलेले हे तलाव सिंचनासाठी निर्माण झाले खरे, पण गावाच्या धुण्याचा भारही त्यांनीच वाहिला. लग्नकार्याचे आणि सुतकाचे कपडे वरठ्यांकडे, म्हणजे परीट समाजाकडे जात. रोजचे धुणे मात्र घरच्या बायकांच्याच माथी असे. हातात खराटा घेऊन गावोगाव स्वच्छतेची शिकवण देणारे गाडगे महाराज (1876–1956) हे याच परीट समाजात जन्मले होते, आणि त्यांच्याविषयी आपल्या समाजाच्या मनात जो आदर आहे त्याचा काही अंश तरी मळ धुण्याच्या जागेला मिळावयास हवा होता, असे मला मनापासून वाटते.

त्या जुन्या व्यवस्थेचे गुणगान करताना ओल्या कपड्यांची पाटी डोक्यावर घेऊन पाळीवरून निसरड्या वाटेने परतणाऱ्या स्त्रीचे कष्ट विसरता येणार नाहीत, म्हणून ती व्यवस्था पुन्हा आणावी असे कोणी म्हणणार नाही. पण ती मोडताना तिच्या जागी दुसरी काही उभी राहिली नाही, हे ध्यानात घेतले पाहिजे. प्रथम स्लॅबचे घर आले आणि आंगण-सपरी आखडली. मग 2019 साली सुरू झालेल्या जल जीवन मिशनने माणशी दररोज 55 लिटर पाणी घरोघरच्या नळाने देण्याचे उद्दिष्ट ठेवले आणि तलावावरचे धुणे घरात येऊ लागले. पाठोपाठ धुलाई यंत्रही आले. पाणी, चिखल आणि वीज या तिन्ही गोष्टी अशा रीतीने एकाच छताखाली एकत्र आल्या, आणि त्यांना सामावून घेईल अशी खोली मात्र नकाशात कोणी काढली नाही. यंत्र न्हाणीच्या दारात, त्याची तार खिडकीतून ओढलेली, चपलांचा ढीग स्वयंपाकघराच्या मागल्या पायरीवर आणि वलणी बैठकीच्या खोलीतून आडवी गेलेली, हे दृश्य पावसाळ्यात कितीतरी घरांत पाहावयास मिळते.

अमेरिकेच्या आणि युरोपच्या हिमप्रदेशात, जेथे वर्षाचे चार-पाच महिने बुटांना बर्फ आणि चिखल चिकटलेला असतो, तेथे मागील दाराशी ‘मडरूम’ नावाची एक छोटी खोली ठेवण्याची चाल आहे. तीत बाकावर बसून बूट काढावयाचे, ओला कोट खुंटीला लावावयाचा आणि मग घरात यावयाचे, असा दस्तूर असतो. धुलाईचे यंत्रही पुष्कळदा त्याच खोलीत अथवा तिला लागून असते, कारण मळलेला कपडा जेथे अंगावरून उतरतो तेथेच तो धुतला जावा, हे तर्काला धरून आहे. आपल्याकडे बर्फ नाही, पण चिखल त्यांच्याहून अधिक आहे, आणि तो अनवाणी पायांना लागलेला असतो; म्हणून त्यांची खोली जशीच्या तशी उचलून आपले भागणार नाही. त्यांच्या खोलीत पाण्याची तोटी नसली तरी चालते, आपल्या खोलीचा प्रारंभच तोटीपासून व्हावयास हवा.

रोवणीच्या दिवसांत सायंकाळी घरी परतणाऱ्या स्त्रीकडे क्षणभर नीट पाहावे. लुगड्याचा काष्टा वर खोचलेला असूनही खालचा भाग गाळाने जड झालेला असतो. पोटऱ्यांवर चिखल वाळून त्याचे पापुद्रे सुटू लागलेले असतात. पायांच्या बोटांच्या बेचक्यांत, सतत पाण्यात राहिल्याने पांढरी पडलेली कातडी फाटून चिखल्या झालेल्या असतात आणि त्यांत वाळूचा कण गेला की जीव कळवळतो. तिला त्या वेळी हवे असते ते इतकेच: उभ्याने किंवा टेकून पाय धुता येतील अशी जागा, बसून पाय कोरडे करता येतील असा कट्टा, ओले लुगडे बदलता येईल असा आडोसा, आणि उतरलेले लुगडे तेथल्या तेथे भिजत टाकता येईल अशी बादली. चिखल्यांवर पाय धुण्याइतकेच ते बेचक्यांपर्यंत कोरडे करण्याचे महत्त्व आहे, आणि बसावयास जागा नसेल तर ते कोणी करीत नाही. या चार गरजा ओळीने मांडल्या की खोलीचा आराखडा आपोआप तयार होतो.

आठ फूट लांब आणि सहा फूट रुंद एवढी जागा मिळाली तर हे सर्व उत्तम बसते. सांदवाडीच्या बाजूने दार. दारातून आत येताच अडीच फूट लांब व दोन फूट रुंद असा पाय धुण्याचा खळगा, भोवती चार इंचांची कड, वर दोन फुटांवर तोटी आणि तोल सावरण्यासाठी भिंतीत पक्का बसवलेला लोखंडी दांडा, कारण वृद्ध माणसे एका पायावर उभी असताना घसरून पडतात ती नेमकी येथेच. खळग्याला लागून दीड फूट उंचीचा आणि तीन-चार फूट लांबीचा कट्टा असावा, त्याखाली चपला-बुटांसाठी जमिनीपासून निदान सहा इंच वर उचललेली उघडी फळी असावी. ही फळी केवळ टापटिपीसाठी सांगितलेली नाही. धानाच्या बांध्यांना लागून असलेल्या गावांत पावसाळी रात्री नाग, मण्यार आणि घोणस कोरड्या जागेच्या शोधात घरात शिरतात, आणि जमिनीवर पडलेला बूट किंवा कोपऱ्यात साचलेला कपड्यांचा ढीग त्यांना आयता आसरा देतो. म्हणून या खोलीत जमिनीवर काहीही पडू नये, दाराखाली फट राहू नये आणि दिव्याचे बटन आत पाऊल टाकण्यापूर्वी हाताला लागावे. खुंट्या मोठ्यांसाठी साडेपाच फुटांवर आणि शाळेत जाणाऱ्या मुलांसाठी साडेतीन फुटांवर लावाव्यात. मुलाचा हात पोहोचत नसेल तर दप्तर आणि रेनकोट जमिनीवरच पडणार.

खोलीची जमीन घराच्या जमिनीपेक्षा दीड-दोन इंच खाली ठेवावी आणि मध्ये उंबरठा घालावा. चकचकीत टाइल येथे कटाक्षाने टाळावी. खरबरीत शहाबादी किंवा बिनपॉलिशचा कोटा दगड ओल्या पायाला धरून ठेवतो. उताराविषयी मिस्त्रीशी आधीच स्पष्ट बोलून घ्यावे: फुटामागे दीड ते दोन सूत उतार नसेल तर पाणी साचते, शेवाळ धरते आणि मग खराट्याने पाणी लोटण्याचे काम घरातल्या स्त्रीच्या मागे कायमचे लागते. सर्वांत जास्त दुर्लक्ष होते ते मोरीच्या तोंडाकडे. धानाच्या शेतातील गाळ फार बारीक व चिकट असतो. पाण्याबरोबर तो सहज वाहतो आणि नळीच्या वळणात जाऊन बसला की सिमेंटासारखा घट्ट होतो. त्या तोंडाशी बसविलेल्या नहाणी ट्रॅपची जाळी काढून पाहिली तर तीत गाळ, केस, धागे, धानाचे तूस आणि एखादी गुंडी यांचा गोळा सापडतो. म्हणून ट्रॅपच्या आधी एक फूट लांब, एक फूट रुंद आणि तितकीच खोल अशी गाळकुंडी बांधावी, तिचे झाकण हाताने उचलता येईल असे असावे आणि रोवणीच्या दिवसांत दर आठवड्याला तिच्यातील गाळ काढून सांदवाडीत टाकावा. ट्रॅपमध्ये दोन इंच पाणी कायम उभे राहिले पाहिजे, कारण गटाराची दुर्गंधी आणि झुरळे यांना तेवढेच पाणी अडवून धरते. उन्हाळ्यात जी मोरी वापरात नसते तिच्यात अधूनमधून तांब्याभर पाणी ओतण्याचे कारण हेच.

धुण्याचा दगड जमिनीलगत ठेवण्याची आपली रूढी मोडावी, असे माझे स्पष्ट मत आहे. दिवसभर कमरेत वाकून रोवणी केलेल्या बाईने घरी येऊन पुन्हा उकिडवे बसून कपडे घासावेत, हे अन्यायाचे आहे; अडीच ते पावणेतीन फूट उंचीचा ओटा, त्यावर खरबरीत दगड आणि शेजारी खोल हौदी अशी मांडणी केली तर तेच काम उभ्याने होते. 1926 साली जर्मनीतील फ्रँकफुर्ट शहराच्या घरबांधणी योजनेसाठी मार्गारेटे शुट्टे-लिहोट्स्की या वास्तुविशारद स्त्रीने गृहिणीच्या हालचालींचा आणि पावलांचा हिशेब करून स्वयंपाकघराचा एक आराखडा केला, आणि आजच्या ओट्याच्या स्वयंपाकघरांचा उगम पुष्कळ अंशी तेथे आहे. तोच हिशेब धुण्याला लावून पाहावा: मळका कपडा उतरतो तेथून बादली, बादलीपासून दगड किंवा यंत्र, तेथून वलणी आणि वलणीपासून कपाट, या चार मुक्कामांमध्ये ओल्या कपड्यांचे ओझे जितके कमी वाहावे लागेल तितकी मांडणी चांगली. धुणे तळमजल्यावर आणि वलणी गच्चीवर, ही आज सर्वत्र दिसणारी योजना या कसोटीला उतरत नाही.

यंत्राची जागा ठरविताना त्याच्या जातीचा विचार प्रथम करावा. खेड्यात जेथे नळाला ठराविक वेळीच पाणी येते आणि वीज मध्येच जाते, तेथे दोन टाक्यांचे अर्धस्वयंचलित यंत्र मला अधिक व्यवहार्य वाटते. त्यात बादलीने पाणी ओतता येते, वीज गेली तर काम जेथल्या तेथे थांबवता येते आणि खूप गाळाचा कपडा आधी हाताने विसळून घेण्याची सवयही टिकते. त्याला साधारण अडीच-पावणेतीन फूट रुंदी लागते. समोरून उघडणारे यंत्र दोन फूट रुंद असते, पाणी कमी वापरते आणि ओट्याखाली बसते, परंतु त्याला नळाच्या पाण्याचा ठराविक दाब लागतो. अशा अनेक यंत्रांना 0.3 बार, म्हणजे सुमारे दहा फूट उंचीच्या पाण्याचा दाब लागतो. स्लॅब दहा फुटांवर, टाकी थेट स्लॅबवर आणि तोटी तीन फुटांवर असेल तर उंची सातच फूट भरते, आणि म्हणून टाकीला निदान तीन फुटांचा चौथरा द्यावा लागतो. कोणतेही यंत्र घेतले तरी ते चार-सहा इंच उंच ओट्यावर ठेवावे, मागे नळ्यांसाठी हातभर नाही तरी वीतभर जागा सोडावी आणि समोर तीन फूट मोकळे ठेवावेत. विजेच्या बाबतीत काटकसर करू नये. 16 अँपिअरचे स्वतंत्र सॉकेट, उत्तम अर्थिंग आणि गळती होताच प्रवाह तोडणारा 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी ही तरतूद ओल्या खोलीत अनिवार्य आहे, आणि सॉकेट तोटीपासून दूर, छातीच्या उंचीवर असावे. मे महिन्यात येथे पारा 45 अंशांपर्यंत चढतो, तेव्हा पश्चिमेच्या उघड्या उन्हात ठेवलेल्या यंत्राचे रबर आणि प्लास्टिक लवकर ठिसूळ होते, हेही विसरू नये.

कपडे वाळविणे हा या प्रदेशात धुण्यापेक्षा कठीण प्रश्न आहे. यंत्राने चांगले पिळलेल्या सहा किलो सुती कपड्यांतही सुमारे तीन लिटर पाणी शिल्लक असते आणि हाताने पिळलेल्यांत त्याहून बरेच अधिक. ते सारे पाणी हवेत जावयाचे असते, आणि बंद खोलीत ते भिंतींवर बुरशी होऊन बसते. म्हणून धुण्याच्या खोलीला लागून दक्षिणेला दहा-बारा फूट लांबीची पडवी काढावी, तिचे छप्पर भिंतीपुढे निदान तीन फूट आलेले असावे आणि समोरासमोरच्या दोन बाजू हवेसाठी मोकळ्या असाव्यात. दक्षिणेकडून हिवाळ्याचे ऊन आत येते. पावसाळ्यात मात्र झड बहुधा पश्चिम-नैर्ऋत्येकडून येत असल्याने त्या बाजूला जाळीची भिंत किंवा गुंडाळता येणारा पडदा हवा. एकेक फूट अंतराने चार तारा बांधल्या की चाळीस फूट किंवा त्याहून अधिक लांबीची वलणी मिळते आणि लुगडे चौपदरी घातले की एका तारेवर मावते. आंधळगाव-मोहाडीकडचा कोसा घरात असेल तर त्याला आतल्या, सावलीच्या तारेवर ठेवावे. प्रखर उन्हाने रेशमाचा रंग आणि ताकद दोन्ही जातात. झुडपांवर किंवा गवतावर कपडे वाळत घालण्याची सवय तर सोडलीच पाहिजे. 2018 च्या पावसाळ्यात विदर्भात स्क्रब टायफसची साथ आली होती. हा ताप गवता-झुडपांत राहणाऱ्या सूक्ष्म माइटच्या अळ्या चावल्याने होतो, आणि झुडपावर टाकलेला कपडा त्यांना माणसाच्या अंगापर्यंत आणू शकतो.

फवारणीच्या कपड्यांविषयी दोन शब्द अधिक गांभीर्याने लिहिणे भाग आहे. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकाच्या फवारणीतून विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा मृत्यू झाला, ती फवारणी कापसावरची होती. पण धानावर तुडतुडा आणि खोडकिडा यांच्यासाठी फवारणारी औषधे काही निरुपद्रवी नाहीत. फवारणी करून आलेल्या माणसाचा कपडा घराच्या उंबरठ्याच्या आत येता कामा नये. खोलीच्या बाहेरच्या भिंतीला, छपराच्या आधाराने, एक निराळी खुंटी, एक निराळी झाकणाची बादली आणि स्वतंत्र तोटी असावी. ते कपडे इतरांबरोबर, विशेषतः तान्ह्या मुलाच्या कपड्यांबरोबर, कधीही धुऊ नयेत, धुताना हातात मोजे असावेत आणि त्याचे पाणी परसातल्या भाजीच्या वाफ्याकडे किंवा विहिरीकडे वळू देऊ नये. फवारणीचा पंप आणि औषधाच्या बाटल्या मात्र येथेही नकोत; त्या कुलुपात, घरापासून दूर. तुमसर तालुक्यात चिखला आणि डोंगरी बुजुर्ग येथील मँगनीजच्या खाणींत काम करणाऱ्यांच्या घरीही कपड्यांवरची काळी धूळ दारातच उतरून राहावी, यासाठी हाच बेत उपयोगी आहे.

साबणाचे उरलेले पाणी कोठे सोडावे, याचे उत्तर जमिनीवर अवलंबून आहे. नांदेड जिल्ह्यातून राज्यभर गेलेला शोषखड्ड्याचा प्रयोग सुमारे चार फूट लांब-रुंद-खोल खड्ड्याचा आणि मधल्या सच्छिद्र टाकीचा असतो, आणि मुरमाड जमिनीत तो फार चांगला चालतो. परंतु धानाच्या चिकण जमिनीत, जेथे पावसाळ्यात हात-दोन हातांवर पाणी लागते, तेथे तो भरून उलटतो. तेथे गाळकुंडीतून निघालेले पाणी केळी, कर्दळ आणि अळूच्या लांबट वाफ्यात सोडणे मला अधिक योग्य वाटते. वैनगंगेच्या काठच्या वस्त्यांना आणखी एक खबरदारी सांगावयाची आहे. ऑगस्ट 2020 च्या अखेरीस मध्य प्रदेशातून सोडलेल्या पाण्याने नदीला जो महापूर आला त्याने भंडारा शहराचे सखल भागही बुडाले; अशा पुरात पाणी पुष्कळदा दारातून येण्याआधी मोरीतून उलटे वर चढते. बाहेरच्या नळीवर पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी झडप बसविणे आणि सॉकेट त्या पुराच्या खुणेच्या वर घेणे, एवढे करण्याला फार खर्च येत नाही.

आठ फूट बाय सहा फूट जागा कोणाकडे आहे, असे पुष्कळजण विचारतील. प्रधानमंत्री आवास योजनेतील ग्रामीण घरकुल किमान 25 चौरस मीटरांचे असते आणि त्यात स्वयंपाकासाठी स्वच्छ जागा ठेवणे अपेक्षित असते. धुण्याच्या जागेला तसा मान अजून मिळालेला नाही, आणि तो मिळावा अशी मागणी ग्रामसभांनी करावयास हवी. तोवर मागील भिंतीला टेकून चार फूट रुंदीची पत्र्याची पडवी, तीत पाय धुण्याचा खळगा, कट्टा, चार खुंट्या आणि एक उंच दगड, एवढे झाले तरी घराचा पावसाळा बदलतो. शहरातील फ्लॅटमध्ये हेच काम कोरड्या बाल्कनीला करावे लागेल, मात्र तेथे नळ घेण्यापूर्वी जमिनीला वॉटरप्रूफिंग आणि सांडपाण्याची नळी आहे की नाही याची खात्री करून घ्यावी, नाही तर खालच्या घराच्या छताला ओल येते.

नकाशा कागदावर मंजूर झाला की काम संपले असे समजू नये. ज्या दिवशी प्लॉटवर चुन्याची फक्की टाकली जाईल त्या दिवशी घरात जी धुणे धुते तिला तेथे घेऊन जा, हातात भरलेली बादली देऊन मागील दारापासून वलणीपर्यंत तिला त्या रेघांवरून चालावयास सांगा, आणि ती जेथे अडेल तेथली रेघ पुसून नवी मारा. पाया खोदल्यानंतर भिंत हलविण्यास हजारो रुपये लागतात. त्या दिवशी मूठभर चुना पुरतो.